सहा स्कॉन्स आणि इंग्रजी चूल

परवा माझी नात ऋचा हिनं तिच्या पुण्यातल्या नव्या फ्लॅटच्या भिंतीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "आजी, इथे दोन स्कॉन्स येणार आहेत." मी चहा पीत होते, तो थेट नाकात गेला. पोरीनं पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं आणि मग विचारलं, की यात हसण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, "काही नाही, माती कुठून आणणार तेवढं सांग." तिनं सुनेकडे पाहिलं. आजींचं हल्ली असं होतं, अशा अर्थाची एक नजर आमच्या घरात फिरत असते, ती फिरली. स्कॉन्स म्हणजे भिंतीवरचा शोभेचा दिवा, हे मला आता चांगलं ठाऊक आहे. पण हे ज्ञान मला ज्या दिवाळीत झालं, ती दिवाळी चहाच्या घोटात मावणारी नाही.

आमचं घर कोपरगावात, दुकानाच्या मागं. दुकान मंडपाचं आणि बत्त्यांचं. लग्न, बारसं, जत्रा, पुढाऱ्याची सभा, काहीही असो, बांबू, कनाती, सतरंज्या, माळा, कर्णे आणि गॅसबत्त्या आमच्याकडून जायच्या. त्यामुळे घरात बसायला जागा अशी नव्हतीच. गुंडाळलेल्या कनातींवर आम्ही बसायचो, त्यांवरच अभ्यास करायचो, आणि कनात लग्नाला गेली की अभ्यास बंद. रॉकेलचा वास आमच्या जेवणालाही यायचा. आई हुलग्याचे शेंगोळे करायची, लसणाची फोडणी अशी चरचरीत द्यायची की रॉकेलानं दोन पावलं मागं सरावं. पण जेवण झाल्यावर हात धुऊन वास घ्यावा तर पुन्हा रॉकेल. त्यात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या मळीचा वास गोदावरीवरून यायचा. आमच्या गावात अत्तर विकणारा कधी टिकला नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. माणूस दारातून तिरका आत यायचा एवढा रुंद, आणि आवाज कर्ण्यासारखा. उभा जन्म "हॅलो, माइक टेस्टिंग" करण्यात गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमायचंच नाही. जेवताना मीठ मागितलं तरी समोरच्या आळीतल्या बायकांना कळायचं, की आज आमचं वरण अळणी आहे. आई त्यांच्याशी भांडायची ती कुजबुजत, कारण निदान अर्धं भांडण तरी घरात राहावं. आणि या सगळ्यांवर देखरेख करायला आत्या होती, अण्णांची थोरली बहीण. पांढरं लुगडं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या किल्ल्यांची कुलपं कधीच हरवली होती, पण जुडगा वाजला की आम्ही सरळ बसायचो.

त्या वर्षी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेजला मी कशी गेले, याला विद्येशी काही संबंध नाही. दुकानात नवा फोन बसला होता. कारखान्याच्या बंगल्यावरून मॅनेजरसाहेबांच्या बायकोचे फोन यायचे, आणि बाई मुंबईच्या, निम्मं इंग्रजीत बोलायच्या. अण्णा रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून "व्हय बाईसाहेब, व्हय बाईसाहेब" एवढंच म्हणायचे आणि मग भलतंच सामान घेऊन बंगल्यावर जायचे. मी मॅट्रिक झाल्यावर त्यांनीच आत्याजवळ विषय काढला. "आक्का, शकू जाऊ दे कालेजात. फोनापुरतं इंग्रजी येऊ दे तिला." आत्याच्या मनात राहात्याचं एक स्थळ होतं. पेरूची मोठी बाग, बारमाही पाणी, एकुलता एक मुलगा. तिनं बराच विचार केला आणि जुडगा वाजवून निकाल दिला, "फोनापुरतं आलं की बास. मग एक दिस ठेवायची न्हाई."

म्हणजे माझ्या शिक्षणाचा अभ्यासक्रम असा ठरला होता: इंग्रजी आलं की कॉलेज बंद. दुसरी एखादी शहाणी मुलगी असती तर तिनं आयुष्यभर इंग्रजी न येण्याची काळजी घेतली असती. मी मात्र पहिल्या सहामाहीत अशी फुगले होते की बोलू नका. कॉलेजात "मे आय कम इन सर" म्हणायला मिळावं म्हणून मी मुद्दाम उशिरा जायचे. आईला भाकरी वाढताना "थँक यू" म्हणायचे. ती म्हणायची, "ठेंगा कुणाला दाखवतीस गं?" नगरच्या जुन्या बाजारातून अण्णांनी मला एक इंग्रजी-मराठी कोश आणून दिला होता. पुठ्ठा गेलेला, वाळवीनं कडा खाल्लेल्या, आणि मराठी अशी की तिच्यासाठी आणखी एक कोश लागावा. तो मी छातीशी धरून गावातून चालायचे. राहात्याच्या त्या मुलाला मी अजून पाहिलं नव्हतं, पण मनातल्या मनात त्याचं नाव पेरू ठेवलं होतं. पेरूला इंग्रजीत काय म्हणतात तेही पाहून ठेवलं होतं. एवढीच आमची ओळख.

दिवाळी तोंडावर आलेली. आईची चकलीची भाजणी दळून आली होती, आत्या अनारशाच्या पिठापाशी पहारा देत बसली होती, आणि दुकानातला एकूण एक बल्ब माळांत ओवून गावभर गेला होता. तेवढ्यात फोन वाजला. अण्णांनी उचलला, लांब धरला आणि माझ्यापुढे केला. "बंगला हाय. घे."

आईनं चुलीपुढून मान काढली. आत्या पिठासकट उठून आली. मी केस मागे टाकले आणि म्हणाले, "हॅलो, स्पीकिंग." बाई गडबडीत होत्या. कारखान्याचं नवं टर्बाइन बघायला मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते, दिवाळीच्या संध्याकाळी बंगल्यावर पार्टी होती. माळांचं आधीच ठरलं होतं, त्याशिवाय आणखी एक गोष्ट हवी होती. "वडिलांना सांग हं, सिक्स स्कॉन्सेस. व्हरांड्याच्या भिंतीशी. छोटे, पण एलिगंट. समजलं ना?"

समजलं नव्हतं. एक अक्षर समजलं नव्हतं. "परत एकदा सांगता का" एवढी चार मराठी शब्दांची गोष्ट होती. पण समोर तिघांची तोंडं उघडी होती, आणि त्या तोंडांपुढं मी असं विचारणं शक्यच नव्हतं. मी म्हणाले, "येस मॅडम. सर्टनली मॅडम." आणि रिसीव्हर अशा नजाकतीनं खाली ठेवला की जणू बंगल्यावर मीच राहते.

अण्णांचे डोळे भरून आले होते. मी खोटं सांगत नाही. आणि त्याच वेळी माझ्या मागं जुडगा वाजला. "आलं की मग इंग्रजी," आत्या म्हणाली. "कसं फडफड बोलली. आता राहात्याला सांगावा धाडा. भाऊबीज झाली की बघाया येऊ द्या."

अण्णांनी फोनवरची धूळ पुसायला घेतली. करणार काय? शब्द त्यांनीच दिला होता, आणि पोरगी पास झाली होती. पण गंमत बघा, तरीही मला पहिली काळजी पेरूची नव्हती, कॉलेजची नव्हती. स्कॉन्स म्हणजे काय, ही होती.

"काय पायजे म्हनं?" अण्णांनी विचारलं.

"सहा स्कॉन्स."

"कानस?" आमच्या धंद्यात कानस म्हणजे लोखंड घासायची. "सहा कानशी? बंगल्यात काय गज कापायच्यात का काय?"

"कानस नाही हो अण्णा. स्कॉन्स." आणि मी कोश उघडला. शब्द होता. देव आहे असं वाटलं. पुढं अर्थ लिहिले होते: एक, गढी, लहान किल्ला; दोन, डोकें, टाळकें; तीन, दंड; आणि अगदी शेवटी, वाळवीच्या भोकाशेजारी, भिंतीस लाविलेली मेणबत्तीची बैठक.

मी मोठ्यांदा वाचलं. अण्णा विचारात पडले. "शेवटचं काय म्हनलीस? मेनबत्तीचं? आपुन बत्तीवाले, शकू. आपल्याकडं बत्तीच मागत्याल की."

आजही मला त्या क्षणी परत जाऊन त्या मुलीच्या तोंडात अनारसा कोंबावासा वाटतो. पण ती ऐकणार नव्हती. तिनं तर्क लढवला. कारखाना स्वतः वीज करतो, तिथं मेणबत्ती कोण लावील? आणि माळांचं तर आधीच ठरलंय, म्हणजे हे दिव्यांपेक्षा वेगळं. दंड कुणी मागवत नसतं.

"टाळकी असत्याल," आई म्हणाली. "सहा टाळकी. वाढाया मानसं पायजे असत्याल."

मी तिच्याकडे करुणेनं पाहिलं. मग कोशावर बोट आपटून सांगितलं, "पहिला अर्थ तोच खरा अर्थ असतो. लहान किल्ला. त्या म्हणाल्यासुद्धा, छोटे. आणि दिवाळीत व्हरांड्यात लहान किल्लाच करतात ना? मग?"

आपल्याकडे दिवाळीत घरोघरी पोरं अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात. बंगल्यावरच्या बाईंना तो हवासा वाटला, यात काय नवल? नवल एवढंच, की त्या एका किल्ल्यावर भागेना, सहा हवे होते. "मोठ्या लोकांचं सगळंच जास्ती असतंय," अण्णा म्हणाले, आणि बैलगाडी जुंपायला सांगून आले.

मग मी जे काही केलं, त्याला तोड नाही. बाई नगरला खरेदीला गेल्या होत्या, बंगल्यावर फक्त माळी. नदीकाठची चिकण माती, दगड, गोणपाट, सगळं गाडीतून नेलं. बांबू रोवण्यात हात बसलेली आमची माणसं माझ्या हुकमाखाली बुरूज थापत होती आणि मी पदर खोचून "एलिगंट करा, एलिगंट" म्हणून ओरडत होते. तो शब्द त्यांना गुळगुळीत या अर्थानं लागला, म्हणून त्यांनी बुरूज पाण्याच्या हातानं असे सारवले की माठच वाटावेत. बाजारातले मावळे चार किल्ल्यांवर संपले. पाचव्यावर मी गवळणी ठेवल्या आणि सहाव्यावर एक बँडवाला आणि त्याच्याहून मोठा वाघ. पांढऱ्याशुभ्र व्हरांड्यात, भिंतीशी, ओळीनं सहा. माळ्यानं डोकं खाजवत विचारलं, "ताई, हे बाईसाहेबांनी सांगितलंय?" मी म्हटलं, "इंग्रजीत सांगितलंय."

दिवाळीच्या दिवशी दुपारी उशिरा आम्ही माळा पेटवून बघायला बंगल्यावर गेलो. मी आईचं मोतिया रंगाचं पातळ नेसले होते, कारण कौतुक होणार होतं. बाई नुकत्याच गाडीतून उतरून व्हरांड्यात आल्या होत्या. त्यांनी किल्ले पाहिले. मग आणखी जवळून पाहिले. बराच वेळ त्या वाघाकडेच बघत होत्या.

"हे काय आहे?"

"स्कॉन्स, बाईसाहेब," अण्णा अभिमानानं म्हणाले. व्हरांडा दणाणला.

बाईंनी स्कॉन्स म्हणजे काय ते सांगितलं. मराठीत सांगितलं, अगदी स्वच्छ. मी तोवर खांबामागं गेले होते. पाहुणे तासाभरात यायचे होते. बाईंचं म्हणणं, आता काही करा, पण भिंतीवर सहा दिवे पाहिजेत. आणि दुकानात बल्ब एकही उरला नव्हता. उरल्या होत्या गॅसबत्त्या. अण्णांनी सायकलवर माणूस पळवला, सहा गॅसबत्त्या आणल्या, पंप मारला आणि भिंतीवरच्या चित्रांच्या खिळ्यांना टांगल्या. चित्रं काढून किल्ल्यांच्या मागं उभी केली. त्या बत्त्यांचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? सहा नाग एकदम रागावले तर होईल तसा. आणि प्रत्येकीखाली एक किल्ला, त्यावर पांढराफटक उजेड, आणि वाघाची सावली थेट बैठकीच्या दारापर्यंत.

पाहुणे मॅनेजरसाहेबांबरोबर बोलत बोलत पायऱ्या चढले. साहेब त्यांना सांगत होते की नव्या टर्बाइनमुळे आमचा कारखाना आता सगळ्या तालुक्याला वीज देईल. पाहुणे थांबले, बत्त्यांकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, "लाईट गेली आहे का?"

बत्त्या फुसफुसत होत्या. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "आणि हे किल्ले कुणी केले?"

"आमी केलेत, सायेब," अण्णा म्हणाले.

"का?"

अण्णांनी एका बत्तीला पंप मारला. "दिवाळी हाय."

पाहुण्यांनी मान हलवली आणि ते आत गेले. बाई मात्र थांबल्या. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. हळू आवाजात म्हणाल्या, "मी फोनवर ज्या मुलीशी बोलले, ती कोण? येस मॅडम, सर्टनली मॅडम म्हणणारी. मला तिच्याशी बोलायचं आहे."

मी खांबामागं उभी. पातळाचा निम्मा पदर बाहेर लोंबत असणार, बाईंना तो दिसतही असणार. बाहेर यावं म्हणून मी तोंड उघडलं. इंग्रजी तर गेलंच होतं, मराठीही बरोबर घेऊन गेलं होतं.

"मुलगी कुठली, बाईसाहेब," अण्णा म्हणाले. "मीच हुतो."

"तुम्ही? तो मुलीचा आवाज होता."

"माझाच आवाज तसा हाय फोनवर," अण्णा म्हणाले, आणि तो आवाज व्हरांड्यातून, बागेतून, फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बैलांपर्यंत गेला. बैलांनी माना वर केल्या.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं. हसू त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं असं मला अजून वाटतं, पण मी तेव्हा एका डोळ्यानं बघत होते. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग फोन घेणाऱ्यानं आधी नीट इंग्रजी शिकावं. एवढं मात्र करा."

"शिकवतो, बाईसाहेब," अण्णा म्हणाले.

बैलगाडीतून आम्ही दोघं घरी निघालो. वाटेत फटाके वाजत होते, कुणाकुणाच्या अंगणातले किल्ले दिसत होते, आणि मी दर किल्ल्याला मान वळवत होते. बातमी आमच्याआधी घरी पोचली होती; सायकलवाल्या माणसानं गॅसबत्त्या नेतानाच ती उतरवली होती. आत्या उंबऱ्यात जुडगा घेऊन उभी. "झाली का शोभा? ह्याच्यासाठी कालेज? भाऊबीज झाली की राहात्याची मानसं येत्यात. आता तरी कालेजातनं काढा तिला."

अण्णा गाडीवरून उतरले, पाय धुतले आणि कनातींच्या ढिगावर बसले. मग आयुष्यात मी एकदाच ऐकला, एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "आक्का, आपलं काय ठरलं हुतं? फोनापुरतं इंग्रजी आलं की कालेज बंद."

"मंग?"

"आलं न्हाई की अजून."

आत्याचा जुडगा हातातच राहिला. नियम तिचाच होता. आईनं चुलीशी तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. "आन् मी बाईसायबांना शबूद दिलाय, शिकवतो म्हनून," अण्णा म्हणाले. "राहात्याला कळवू, पोरीला अजून येत न्हाई." राहात्याच्या मंडळींना काय येत नाही ते सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं स्वयंपाक. त्यांनी दुसरी मुलगी पाहिली. पेरू पुढं मला एका लग्नात भेटला, सज्जन माणूस निघाला, आणि त्याचे केस माझ्या नवऱ्याच्या केसांपेक्षा पुष्कळ जास्त टिकले. असो.

शिक्षा मला झालीच. कोशातला तिसरा अर्थ, दंड. आत्यानं फर्मावलं, की सगळी माती बंगल्यावरून परत आणायची आणि ती ह्या पोरीनंच भिजवायची, कारण घरातली चूल तडकली होती. भाऊबीजेला कॉलेजच्या मुली नवी पातळं नेसून फिरत होत्या आणि मी परसात कोपरापर्यंत चिखलात, सहा किल्ले तुडवत होते. मधूनच पायाला मावळा लागायचा. दुसरा अर्थही आईनं वसूल केला, येता जाता टाळक्यात टपली मारून. त्या मातीची चूल आईनं फार देखणी घातली. पुढं कुणी पाहुणी आली की ती सांगायची, "ही आमची इंग्रजी चूल. हिच्यावर भाकरी टाकली की आधी थँक यू म्हनती, मंग फुगती." आत्या त्या चुलीसमोर बसूनच जेवायची आणि दर घासाला माझ्याकडे बघायची.

पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं. दरवर्षी आत्या विचारायची, "आलं का?" आणि अण्णा सांगायचे, "थोडं राह्यलंय." असं थोडं थोडं राहता राहता मी बी.ए. झाले, मग बी.एड., मग नेवाशाकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि तालुक्याच्या दोन पिढ्यांचं इंग्रजी बिघडवून निवृत्त झाले. अण्णा गेले त्या वर्षी आत्या खूप थकली होती, तिनं मला जवळ बोलावून विचारलं, "खरं सांग, आलं का तुला?" मी म्हटलं, "नाही गं आत्या." ती म्हणाली, "वाटलंच मला."

शाळेत मोठा, चांगला कोश होता, वाळवी न लागलेला. त्यात एकदा तो शब्द पुन्हा काढला होता. माझ्या कोशात ज्या ठिकाणी भोक होतं, तिथला अर्थ त्यात सापडला: आडोसा. वारा-पाऊस लागू नये म्हणून मध्ये धरलेली वस्तू. मी तो वाचला, कोश मिटला आणि नववीच्या वर्गाला त्या दिवशी काही न शिकवता लवकर सोडलं. पोरांना वाटलं, बाईंना बरं नाही.

तर ऋचाचे स्कॉन्स. काल ते आमच्याच घरी आले. पोरीनं फोनवर ऑर्डर देताना काय सांगितलं कोण जाणे, दोनाच्या जागी डझनभर आले, आणि तेही कुठल्याशा हॉटेलच्या जिन्याला शोभतील असे, हातभर लांब, सोनेरी. ऋचा ऑफिसात. सून डोक्याला हात लावून बसलेली, खोक्यांच्या मध्ये, आणि म्हणत होती की ह्या मुलीला एक काम धड सांगता येत नाही, हिचं ते वेगळं राहण्याचं खूळ आता पुरे. तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. भलताच तापलेला होता. माल परत घेणार नाही म्हणत होता. "आमच्याकडं बोललेलं रेकॉर्ड आहे मॅडम. ज्यांनी ऑर्डर दिली त्यांना फोन द्या. कोण बोललं होतं?"

मी सुनेच्या हातातून फोन घेतला. "मी बोलले होते."

"तुम्ही? अहो आजी, तो तर तरुण मुलीचा आवाज होता."

मी घसा साफ केला. "माझाच आवाज तसा आहे फोनवर," मी म्हटलं. "आता बोला."